तलावकांठचें गांव: बारा महिन्यांची सावधगिरी

ज्या गांवाच्या शिवेला तलावाचें पाणी लागलें त्या गांवाचें दैव उघडलें असें आपण म्हणतों, आणि तें बहुतांशीं खरेंही आहे. भीमेवरील उजनी धरण १९८० सालीं पूर्ण झालें, आणि इंदापूर व करमाळा तालुक्यांत जेथें पूर्वीं कोरडवाहू ज्वारीवर भिस्त असे तेथें जलाशयाच्या कांठीं ऊंस व केळी उभी राहिली. परंतु पाणी जसें देतें तसें गाफील माणसाकडून घेतेंही. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां बुडून, विजेचा धक्का लागून व सर्प डसून मेलेल्यांचीं प्रकरणें आम्हीं पुष्कळ पाहिलीं. त्या कागदांवरून एक गोष्ट मनावर ठसली ती ही, कीं यांतील बहुतेक माणसें अनोळखी संकटांत सांपडलीं नव्हतीं. रोजच्या वाटेवर, रोजचेंच काम करतांना तीं गेलीं. म्हणून ऋतुमानाप्रमाणें तलावकांठच्या शेतकऱ्यानें कोणती खबरदारी घ्यावी हें येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

उन्हाळा. पाणी ओसरूं लागलें म्हणजे भय कमी झालें असा पुष्कळांचा समज असतो. तो चुकीचा आहे. चैत्र-वैशाखांत दिवसभर ऊन तापून तिसऱ्या प्रहरीं वळवाचें वादळ उठतें, आणि मोकळ्या पाण्यावर वाऱ्यास अडविणारें कांहींच नसल्यामुळें घटकेच्या आंत लाटा उसळतात. ता. २१ मे २०२४ रोजीं सायंकाळीं करमाळा तालुक्यांतील कुगांवाहून इंदापूर तालुक्यांतील कळाशीकडे निघालेली होडी अशाच वादळांत उजनी जलाशयांत बुडाली. सहा जण मृत्यू पावले, त्यांत दोन लहान मुलें होतीं. एक गृहस्थ मात्र पोहत कांठास लागले. रस्त्यानें जावें तर मोठा वळसा पडतो, म्हणून लोक होडी धरतात, हें आम्ही जाणतों. होडी सोडून द्या असें सांगणें व्यर्थ आहे. परंतु चार नियम तरी पाळावे. पहिला, उन्हाळ्यांत पलीकडे जाणें-येणें दुपारपूर्वीं उरकावें. आभाळ काळवंडलें कीं कितीही निकड असो, होडी सोडूं नये. दुसरा, होडींत किती माणसें बसावयाचीं तो आंकडा तिच्या अंगावर रंगवावा आणि तो मोडूं देऊं नये. तिसरा, प्रत्येकाच्या अंगांत तरंगतें जाकीट असावें, व मुलांस त्यांच्या मापाचें असावें. पत्र्याची होडी पाणी भरतांच तळ गाठते. तिला धरून राहतां येत नाहीं. चौथा, मोटारसायकल व माणसें एकाच खेपेंत नेऊं नयेत.

याच दिवसांत तलावांतील गाळ काढून शेतांत टाकण्याचें काम चालतें. २०१७ सालापासून सरकारनें ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या योजनेनें त्यास उत्तेजन दिलें, आणि हलक्या जमिनीस त्या गाळाचा फायदा होतो यांत शंका नाहीं. परंतु यंत्रानें उभ्या कडा तोडून खोदलेले खड्डे तसेच राहिले, तर पहिल्या पावसानंतर ते पाण्याखालीं दिसेनासे होतात. गुडघाभर पाणी समजून गुरें धुण्यास गेलेलें पोर एका पावलांत पुरुषभर खोल जातें. ज्यानें गाळ नेला त्यानेंच खड्ड्याच्या कडा उतरत्या करून द्याव्या आणि तेथें पांढरें फडकें बांधलेला बांबू रोवावा. हा खर्च गाळाच्या एका खेपेइतकाही नाहीं.

पावसाळा. पानशेतचें मातीचें धरण १२ जुलै १९६१ रोजीं फुटलें व पुणें शहर पाण्याखालीं गेलें. चिपळूण तालुक्यांतील तिवऱ्याचें लहान धरण २ जुलै २०१९ च्या रात्रीं फुटून खालची वस्ती वाहून गेली. २०२१ सालीं केंद्र सरकारनें धरणसुरक्षेचा कायदा केला. पण तो मुख्यतः १५ मीटरांहून उंच धरणांस व त्याखालच्या कांहीं ठराविक मोठ्या बांधांस लागू आहे. आपल्या गांवचे पाझर तलाव व लहान बांध बहुधा त्याच्या बाहेरच राहतात. सारांश, तेथील पहारा आपलाच आहे.

मृगापूर्वीं व मोठ्या पावसानंतर चार जाणत्या मंडळींनीं बांधावरून चालत जाऊन पाहणी करावी. बांधाच्या पायथ्याशीं नितळ पाणी पाझरत असेल तर त्यावर नजर ठेवावी. तेंच पाणी गढूळ येऊं लागलें तर बांधाच्या पोटांतील माती वाहत आहे असें समजून खालच्या वस्तीस तत्काळ हलवावें आणि तहसील कचेरीस कळवावें. बांधावर भेग पडणें, माथा खचणें, उंदीर-घुशींचीं बिळें दिसणें, मोठीं झाडें वाढणें, हीं सर्व दुर्लक्ष न करण्याजोगीं लक्षणें होत. सर्वांत वाईट खोड सांडवा अडविण्याची. दोन हात पाणी जास्त सांठावें किंवा मासे अडकावे म्हणून सांडव्यांत दगड व वाळूचीं पोतीं रचणें म्हणजे सर्व गांवाचा गळा दाबणें होय. मातीच्या बांधावरून पाणी वाहूं लागलें कीं तो फार काळ टिकत नाहीं.

मेघगर्जना ऐकूं येतांच पाणी, होडी व एकटें झाड सोडून पक्क्या घरांत जावें. चिखलांत उतरणाऱ्यानें पायाच्या जखमा झांकाव्या. उंदरांच्या मुतानें दूषित झालेल्या पाण्यापासून लेप्टोस्पायरोसिस नांवाचा ताप जडतो. कांठाचें शेवाळ व गवत काढल्यानें डांसांच्या अळ्यांचा आसरा मोडतो. सर्प डसल्यास कापूं नये, आंवळून बांधूं नये, मांत्रिकाकडे वेळ घालवूं नये. अंग हालूं न देतां रुग्णालयांत नेऊन प्रतिविष टोंचून घ्यावें.

हिवाळा. रब्बीच्या पाळ्या सुरू झाल्या कीं कांठावर मोटारींची रांग लागते. पाणी जसजसें मागें हटतें तसतशी मोटार पुढें न्यावी लागते, आणि तारांचे जोड ओल्या चिखलांत पडून राहतात. बहुतेकांनीं वीज येतांच आपोआप सुरू होणारा स्टार्टर बसविला आहे. वीज गेलेली पाहून माणूस पाण्यांत उतरतो, वीज अवचित येते, आणि सदोष तारेंतून प्रवाह पाण्यांत उतरतो. म्हणून मोटारीस हात लावण्यापूर्वीं फ्यूज काढून खिशांत घालावे व पेटीजवळ एक माणूस उभा करावा; केवळ बटण बंद करणें पुरेसें नाहीं. अर्थिंग ओलें व शाबूत ठेवावें, प्रवाह गळतांच वीज तोडणारें यंत्र बसवावें, आणि रात्रीं एकट्यानें पाण्यांत उतरूं नये.

बुडत्यास सोडविणें. बुडणारा माणूस सोडविणाऱ्यास मिठी मारतो व दोघेही जातात. म्हणून उडी घेण्यापूर्वीं बांबू, दोर, धोतर, झांकण घट्ट लावलेला रिकामा डबा, जें हातीं लागेल तें त्याच्याकडे फेंकावें. बाहेर काढल्यावर त्यास उलटें टांगूं नये किंवा पोट दाबून पाणी काढण्यांत वेळ दवडूं नये. श्वास बंद असेल तर नाक चिमटून तोंडानें दोन श्वास द्यावे, मग छातीच्या मध्यावर ३० वेळां भरभर व जोरानें दाबावें, पुन्हां दोन श्वास द्यावे. १०८ ची गाडी येईपर्यंत हा क्रम सोडूं नये. माणूस सावध झाला तरी त्यास दवाखान्यांत न्यावेंच.

शेवटीं आमच्या जुन्या धंद्यांतील एक गोष्ट. शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूबद्दल वारसांस राज्य सरकारच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजनेंतून दोन लक्ष रुपये मिळूं शकतात. बुडणें, विजेचा धक्का व सर्पदंश त्यांत येतात. परंतु दुःखाच्या भरांत पोलिसांस न कळवितां व शवविच्छेदन न करितां अंत्यविधि उरकला, तर पुढें पुरावा राहत नाहीं. पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, सातबारा उतारा व वारसाचे कागद घेऊन तालुका कृषि अधिकाऱ्याकडे विनाविलंब अर्ज करावा.

हा अर्ज कोणावरही करण्याची पाळी न येवो हीच आमची इच्छा. येत्या ग्रामसभेंत प्रत्येक तलावकांठच्या गांवानें धक्क्यावर टांगण्यासाठीं लांब दोर, दोन बांबू व दहा जाकिटें घेण्याचा ठराव करावा, आणि बांध पाहणाऱ्या चार माणसांचीं नांवें वहींत लिहून घ्यावीं. नांव लिहिलें नाहीं तर सर्वांचें काम तें कोणाचेंच काम राहत नाहीं.