खळाळातला मळ्या

कोकणातल्या सावित्री नदीच्या खोऱ्यात माशांचा विषय निघाला की बोट वाळणकोंडीकडेच जातं. सावित्रीला मिळणाऱ्या काळ नदीचा खोल डोह, काठावर वरदायिनी देवी आणि देवीचे म्हणून कुणी हात न लावलेले मोठाले महसीर. श्रद्धेनं तिथं जे राखलं ते कायद्यालाही क्वचितच जमलं आहे. तरीही नदीची तब्येत सांगणारा मासा डोहात नसतो, तो खळाळात असतो. मळ्या हा असा वीतभराच्या आतला, मातकट-हिरवट मासा. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची नोंद केली, तेव्हा महसीरबरोबर हाही शास्त्राच्या दप्तरी लागला. त्याला उलटा धरला की सगळं कोडं उलगडतं. तोंड खालच्या अंगाला, त्यामागे हनुवटीवर मांसल गोल चकती, दोन्ही बाजूंचे पर जमिनीला समांतर पसरलेले. धोधो पाण्यात चकतीनं गोट्याला चिकटायचं आणि त्यावरचं शेवाळ खरवडून खायचं, एवढाच त्याचा संसार. प्रवाळावर चरणारे समुद्री मासे शेवाळाला आवर घालतात. मळ्याचं काम त्याच जातीचं. त्याचं अन्न दगडावर उगवतं, त्यामुळे डोहात भाविकांनी टाकलेल्या चुरमुऱ्यांवर त्याचं भागत नाही. दगडावर गाळाचा थर बसला की शेवाळ गुदमरतं आणि चकतीलाही नीट पकड मिळत नाही.

२२ जुलै २०२१ च्या पुरात महाड बुडालं, त्याच दिवशी तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली. पोलादपूरच्या डोंगरांतही दरडी आल्या. त्यानंतर सावित्रीतला गाळ आणि बेटं काढण्याचं काम निघालं. घरात पाणी शिरलेल्या माणसाला मळ्याचं कौतुक सांगायचं का, असं कुणी विचारेल, आणि ते रास्तच आहे. पण महाडला नडतो तो खालच्या, भरतीच्या टप्प्यातला गाळ. मळ्याचं घर पोलादपूरच्या वरच्या अंगाला आणि काळच्या दगडाळ पात्रात. खाली गाळ उपसायला मळ्याची हरकत नाही. वरचे गोटे उचलले तर मात्र पाण्याचा वेग अडवणारं काही उरत नाही, काठ ढासळतात आणि ती माती अखेर महाडातच येते. पूर टाळायचा असेल तर वरचे गोटे जागच्या जागी हवेत.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: मळ्या दुर्मीळ नाही, सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना सापडतो, मग त्याची चिंता कशाला? माझ्या मते तो सर्वत्र असतो म्हणूनच मोजमापाला उपयोगी. दुर्मीळ मासा दिसला नाही, तर तो मुळात नव्हता की गेला, हे कळत नाही. मळ्या असायलाच हवा अशा खळाळात तो नसेल, तर बिघाड पाण्यात किंवा तळाशी आहे. महाडला औद्योगिक वसाहत असताना ही स्वस्त तपासणी हातची सोडणं शहाणपणाचं नाही. गाळ काढायला नदीच्या ज्या टप्प्यात यंत्रं उतरवायची, तिथल्या खळाळांची आधी नोंद व्हावी. पावसाळा ओसरल्यावर गुडघाभर पाण्यात उतरून ती करता येते, आणि कुठला गोटा कुठे असतो हे काठच्या गावांना पाठ आहे.