वीतभर कुत्रा, हातभर हट्ट

मुले नोकरीनिमित्त दूर गेली, घर मोठे आणि माणसे दोनच उरली, की आप्तेष्टांपैकी कुणीतरी हमखास सुचवते, ‘एखादं छोटंसं कुत्रं पाळा, वेळ छान जाईल.’ सगळी भिस्त त्या ‘छोटंसं’ या शब्दावर असते. अल्सेशियन आवरणार नाही, लॅब्रॅडोर लाडात येऊन धक्का देईल, पण गुडघ्यालाही न पोहोचणारे कुत्रे काय त्रास देणार? १९९४ मध्ये ‘हम आपके हैं कौन’मधल्या टफीवर सारा देश लुब्ध झाला. २००३ मध्ये मोबाइलच्या जाहिरातीत लहान मुलामागे चालणारा पग तसाच लाडका झाला. पडद्यावरचा छोटा कुत्रा नेहमीच शहाणा असतो. घरातल्याची गोष्ट वेगळी.

ठाण्याच्या एका सोसायटीत राहणारे, सत्तरी ओलांडलेले एक जोडपे आमच्या परिचयाचे आहे. त्यांना आपण काका-काकू म्हणू. त्यांच्याकडे गोट्या नावाचा डॅशहुंड आहे. आपल्याकडे या जातीला सर्रास ‘डॅशहाउंड’ म्हणतात. लांबलचक पाठ, चार बोटांचे पाय, लोंबते कान आणि वजन नऊ किलो. काका बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले, शिस्तीचे भोक्ते. त्यांनी ‘गोट्या, इकडे ये’ म्हटले की गोट्या मान वळवून पाहतो, म्हणजे ऐकू आलेले असते, आणि पुन्हा आपल्या कामाला लागतो. हे काम बहुधा पायमोजा उकरण्याचे असते. पावसाळ्यात त्याला खाली नेले तर जिन्याच्या तोंडाशी बसकण मारतो, ओल्या जमिनीला पाय लावत नाही आणि घरी परतल्यावर पायपुसण्यावर कार्यभाग उरकतो. एकदा काकांची कवळी अर्धा दिवस सापडेना. ती सोफ्याखाली होती, सोबत काकूंची एक चप्पल आणि अर्धे थालीपीठ.

‘इतकी वर्षं माणसं सांभाळली, पण असा आडमुठा पाहिला नाही,’ हे काकांचे मत. काकूंचे म्हणणे असे, की त्याला सगळे कळते, फक्त पटत नाही. आमच्या मते काकूंचे निदान अधिक अचूक आहे.

हट्ट आला कुठून?

डॅशहुंड ही मूळची जर्मनीतली जात. जर्मन भाषेत ‘डॅक्स’ म्हणजे बॅजर हा बिळात राहणारा, तीक्ष्ण नखांचा प्राणी आणि ‘हुंड’ म्हणजे कुत्रा. बॅजरच्या बिळात शिरून त्याला कोंडीत पकडण्यासाठी शिकाऱ्यांनी ही जात घडवली. बिळात मावावे म्हणून पाय आखूड, माती उकरता यावी म्हणून पंजे भक्कम, आणि जमिनीखालून धन्याला ऐकू जावे म्हणून आवाज देहाच्या मानाने दणदणीत.

आता त्या बिळातली परिस्थिती डोळ्यांसमोर आणा. गर्द अंधार, समोर चवताळलेला प्राणी, आणि मालक वर उभा. हुकूम द्यायला तो जवळ नाही. पुढे जायचे, थांबायचे की भुंकत राहायचे, हे कुत्र्यालाच ठरवायचे. अशा वेळी जो विचारायला मागे वळेल तो कामाचा नाही. पिढ्यान्‌पिढ्या माणसाने अशीच कुत्री निवडली, जी स्वतःच्या मताने चालतील आणि हाती घेतलेले सोडणार नाहीत. ज्याला आपण आज ‘हट्टी’ म्हणून रागावतो, तो याच गुणासाठी जपलेला आहे. गोट्याच्या लेखी सोफ्याची फट हे बीळ आहे आणि पायमोजा हा बॅजर.

म्हणूनच ओरडून वा फटका मारून या कुत्र्यांत फरक पडत नाही. पडलाच तर ती भेदरतात आणि चावायला शिकतात. उतारवयात तर ही झटापट मुळीच परवडणारी नाही. त्यापेक्षा जिथे माघार घ्यायचीच नाही, अशा तीन-चार गोष्टी ठरवून घ्याव्यात. दार उघडले की बाहेर धावायचे नाही, हाक मारल्यावर यायचे, तोंडातली वस्तू मागितली की सोडायची आणि पट्टा बांधताना उभे राहायचे, एवढ्या पुष्कळ झाल्या. दिवसातून दोन-तीनदा पाच-पाच मिनिटे, प्रत्येक वेळी ऐकल्याबद्दल उकडलेल्या चिकनचा वा पनीरचा नखाएवढा तुकडा. सोफ्यावरची जागा, उशी, सकाळचे ऊन या बाबतीत खुशाल हार मानावी.

तोंडातली वस्तू कधी हिसकावू नये. ओढाओढीत दातही लागतात आणि त्याला तो खेळ वाटतो. दुसरे काही देऊन पहिले काढून घ्यावे. हे दुकानदारीचे तत्त्व गोट्याला आठवड्यात उमगले. काकांनाच ते अंगवळणी पडायला महिना लागला.

खरी अडचण बहुतेक घरांत वेगळीच असते. काका ‘जेवताना द्यायचं नाही’ म्हणतात आणि काकू टेबलाखालून पोळीचा तुकडा सरकवतात. दहा वेळा नाही आणि अकराव्या वेळी हो, हे कुत्र्याला नेमके कळते आणि तो अकरा वेळा मागतो. नवरा-बायकोचे एकमत झाल्याशिवाय कुत्रा सुधारत नाही.

पायात येणारा सोबती

आता जरा गंभीर विषयाकडे वळू. उतारवयात लहान कुत्र्याचा सर्वांत मोठा धोका दातांचा नाही, पायात येण्याचा आहे. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, त्या देशात कुत्र्या-मांजरांमुळे पडून दरवर्षी सुमारे ८६ हजार लोकांना रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे लागत होते, आणि हाड मोडण्याचे प्रमाण पंचाहत्तरीपुढच्यांत सर्वाधिक होते. खुब्याचे हाड मोडले की पुढे काय होते, हे आपण आपल्या घरांत पाहिलेले आहे.

उपाय साधे आहेत. गळपट्ट्याला घुंगरू बांधावे, म्हणजे स्वारी कुठे आहे ते न पाहता कळते. बिछान्यापासून न्हाणीघरापर्यंत रात्री मंद दिवा असावा. फिरायला नेताना पट्टा मनगटाला गुंडाळू नये. मांजर दिसताच नऊ किलोचा कुत्रा असा हिसका देतो की धरणारा तोल जाऊन पडतो. गळ्याऐवजी छातीभोवती बांधायचा हार्नेस वापरावा. नखे वेळच्या वेळी कापून घ्यावीत. वयाने कातडी पातळ होते, आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर साधा ओरखडाही लवकर थांबत नाही. रेबीजची लस पशुवैद्याने सांगितलेल्या तारखांना चुकवू नये, हे सांगायला नकोच.

दुसरा धोका कुत्र्याच्या बाजूने आहे. ज्येष्ठांच्या घरात गोळ्यांच्या पट्ट्या उशाशी, टीपॉयवर, पर्समध्ये, सगळीकडे असतात. आपली आयब्युप्रोफेनसारखी दुखण्याची गोळी कुत्र्याला विषासारखी आहे. पॅरासिटामॉल, रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळी पोटात गेली तरी जिवावर बेतू शकते. सकाळी खायला भिजवून ठेवलेल्या मनुका आपल्याला चांगल्या, पण मनुका आणि द्राक्षे कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी करू शकतात. कांदा, लसूण, चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेले बिनसाखरेचे च्युइंगगमही वर्ज्य. ऐकण्याच्या यंत्राला माणसाचा वास असतो, त्यामुळे कुत्र्यांना ते फार आवडते. आतल्या बॅटरीसकट ते चावले गेले तर पैसे जातात ते वेगळेच, कुत्र्याच्या पोटालाही इजा होते. गोट्याच्या घरी आता सगळी औषधे पोळ्यांच्या जुन्या स्टीलच्या डब्यात, फडताळाच्या वरच्या खणात असतात.

डॅशहुंडच्या बाबतीत पाठीची काळजी अटळ आहे. या जातीतल्या चार-पाच कुत्र्यांमागे एकाला आयुष्यात कधीतरी मणक्यातली गादी सरकण्याचा त्रास होतो. ज्या आनुवंशिक कारणाने पाय आखूड झाले, त्यातूनच या गाद्या लवकर कडक होतात. वजन वाढू देऊ नये, सोफ्याला उतरती फळी लावावी, जिने चढवू नयेत. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली आणि पाठ आडवी, सरळ. उचलणाऱ्याने स्वतः आधी खाली बसावे, कारण मणके त्यालाही आहेत! काका कमरेला पट्टा बांधून गोट्याला उचलतात. दोघांनाही डॉक्टरांनी एकच पथ्य सांगितले आहे, आणि दोघेही ते पाळत नाहीत. कुत्रा पाठीचा बाक काढून उभा राहिला, उचलताच किंचाळला किंवा मागचे पाय लडखडू लागले, तर ‘उद्या बघू’ म्हणू नये. पाय लुळे पडल्यावर पहिले काही तासच मोलाचे असतात.

एवढा व्याप कशासाठी, असे कुणी विचारेल. स्वीडनमध्ये ४० ते ८० वर्षे वयाच्या सुमारे ३४ लाख लोकांच्या नोंदी तपासून २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कुत्रा पाळणाऱ्यांत, विशेषतः एकट्या राहणाऱ्यांत, त्या काळातले मृत्यूचे प्रमाण कमी दिसले. कुत्र्यामुळेच आयुष्य वाढते, असे त्यावरून सिद्ध होत नाही. जे धडधाकट असतात तेच कुत्रा पाळतात, असेही असू शकेल. पण पहाटे सहाला ओले नाक तळव्याला लागले की उठावेच लागते, आणि उठलेला माणूस चार पावले चालतो, खाली चार जणांशी बोलतो, एवढे तर आपणही पाहतो. सोसायटीवाले कुरकुरत असतील तर त्यांना सांगावे, की पाळीव कुत्र्यांवर सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले आहे. मात्र घाण उचलायची पिशवी खिशात असावी.

आपल्यामागे त्याचे कोण?

हा प्रश्न कुणी उच्चारत नाही. डॅशहुंड १२ ते १६ वर्षे जगतो. बहात्तराव्या वर्षी पिल्लू आणले, तर त्याच्या म्हातारपणी आपण पंचाऐंशीच्या घरात असू, किंवा नसू. म्हणून सत्तरीनंतर पिल्लाऐवजी पाच-सहा वर्षांचा, कुणी सोडून दिलेला शांत कुत्रा आणावा, असे आम्हांला वाटते. त्याचे उपद्रवाचे वय सरलेले असते आणि अशा कुत्र्याला घर मिळणे दुर्मीळ असते.

पिल्लू आधीच घरात आले असेल तर व्यवस्था लिहून ठेवावी. कायद्याने कुत्रा ही मालमत्ता आहे. त्याच्या नावे पैसे ठेवता येत नाहीत, पण त्याला सांभाळणाऱ्या माणसाच्या नावे ठेवता येतात. २०२४ मध्ये रतन टाटा यांच्या निधनानंतर, त्यांनी मृत्युपत्रात टिटो या आपल्या कुत्र्याच्या आजन्म सांभाळाची तरतूद केल्याच्या बातम्या आल्या होत्या. आपल्याला तेवढा थाट नको. सांभाळायला तयार असलेल्या माणसाला आधी विचारलेले असावे, एवढे पुरे. ‘मुलगा बघेल’ हे गृहीत धरू नये. परदेशातल्या दोन खोल्यांच्या घरात ते त्याला जमेलच असे नाही.

काका-काकूंनी नागपूरच्या भाचीला विचारले. तिने दोन दिवस मागून होकार दिला आणि दिवाळीत चार दिवस गोट्याला आपल्याकडे नेऊन पाहिले. आता फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर पशुवैद्याचा क्रमांक, लशीच्या तारखा, दोन वेळच्या खाण्याचे ग्रॅममधले माप आणि भाचीचा पत्ता आहे. तळाशी काकूंच्या अक्षरात एक ओळ आहे: ‘पावसात बाहेर जात नाही, छत्री धरावी.’