मुलचेऱ्याचे मुक्कामी

२६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा चंद्रपुरापासून विभक्त झाला, आणि ज्या गावाकडे एरवी वनखात्याचा अंमलदार किंवा तेंदूपानांचा ठेकेदार यांच्याखेरीज परका माणूस सहसा फिरकला नसता, त्या मुलचेऱ्याला कालांतराने तालुक्याचे ठाणे होण्याचा मान मिळाला. एका अंगास चामोर्शी-आष्टी, दुसऱ्या अंगास आलापल्ली-अहेरी, अशा मोठ्या बाजारांच्या मधोमध हे गाव पडते. कचेरी आली, पंचायत समिती आली, दप्तरे आली. अंमलदारांची बिऱ्हाडे मात्र सगळीच आली नाहीत. नोकराने मुख्यालयी राहावे असा सरकारी दंडक असला, तरी मुलांचे शिक्षण आणि औषधपाणी यांच्या ओढीने पुष्कळांनी घर दुसरीकडेच ठेवले, आणि 'अपडाऊन' हा चाकरीचाच एक भाग होऊन बसला. सकाळी चौकात मोटारसायकली आणि एस.टी. यांची जी वर्दळ, ती पाचनंतर ओसरते व टपरीवाला भज्यांची कढई उतरवतो. यात दोष कोणाला द्यावा? पावसाळ्यात दिना नदीला नि नाल्यांना पूर येऊन वाट अडली, की मुख्यालयी राहण्याची उमेद मोठमोठ्यांची खचते.

परंतु माझ्या मते या मुलुखाचा खरा इतिहास ठाण्याचा नव्हे, निर्वासितांच्या कॅम्पांचा आहे. १९६०च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून निर्वासित झालेली, बहुतांशी नामशूद्र समाजाची कुटुंबे सरकारने तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातील या अरण्यात आणून वसवली. गोमणी, लगाम यांच्या शेजारी विवेकानंदपूर, सुंदरनगर, देशबंधुग्राम अशी नावे उमटली. ज्यांना परतीची गाडीच नव्हती, त्या माणसांनी रान मोडून बांध्या घातल्या, धान लावले, घरामागे तळी खणून मासे सोडले, आणि मोहफुले वेचणाऱ्या माडिया शेजाऱ्यांशी बोलताबोलता तिसरी भाषा म्हणून मराठीही आपलीशी केली. अरण्यात दुर्गापूजेचे मंडप उभे राहिले ते यांच्यामुळे.

मुलचेऱ्याची २०१५ साली नगरपंचायत झाली आणि नगरसेवकही निवडून आले. कॅम्पांतल्या कुटुंबांचा एक प्रश्न मात्र तसाच राहिला. पश्चिम बंगालात नामशूद्रांची गणना अनुसूचित जातींत होते. महाराष्ट्राच्या यादीत ती जात नाही, म्हणून तीन पिढ्या इथे मुक्काम करूनही या कुटुंबांच्या मुलांना अनुसूचित जातीचा दाखला तहसील कचेरीतून मिळत नाही.