लोकर मागे फिरत नाही

उस्तांनी टोपी दाराकडे धरली. ओली, वाटीसारखी, अजून पुरती आकाराला न आलेली. दुपारचा उजेड लोकरीतून गाळून येत होता, सगळीकडे सारखा, दुधाळ. फक्त एका जागी, करंगळीच्या नखाएवढ्या, तो जरा जास्त आला. उस्तांनी तिथे चिमूटभर पिंजलेली लोकर ठेवली, अंगठ्यानं दाबली आणि टोपी पुन्हा गरम पाण्याकडे नेली. मला त्या टोपीत काहीच उणं दिसलं नव्हतं.

मी क्रुयाला आले ती या टोपीसाठी नव्हे. दिवाळी अंकाच्या संपादकांना आल्बेनियातल्या पर्यटनाच्या लाटेवर लेख हवा होता. २०२३च्या जनगणनेत या देशाची लोकसंख्या २४ लाख भरली आणि त्याच वर्षी बाहेरून आलेल्यांची संख्या १ कोटीच्या वर गेली. घरच्या माणसांच्या चौपट पाहुणे! राजधानी तिरानाच्या उत्तरेला डोंगराच्या कडेवर वसलेलं क्रुया हा त्या पाहुण्यांचा ठरलेला मुक्काम. इथे आल्बेनियाचा राष्ट्रवीर स्कंदरबेग याचा किल्ला आहे. ऑटोमन फौजांनी त्याच्या हयातीत, १४५०, १४६६ आणि १४६७ साली, या किल्ल्याला वेढे घातले, आणि तिन्ही वेळा त्यांना हात हलवत परतावं लागलं. १४६८ मध्ये स्कंदरबेग गेला, त्यानंतर दहा वर्षांनी किल्ला पडला. डोंगरी किल्ल्यांच्या गोष्टींवर वाढलेल्या मराठी माणसाला हे ऐकताना काही फार समजावून सांगावं लागत नाही. आत १९८२ साली उभारलेलं भव्य संग्रहालय आहे. ते मी भराभर पाहिलं. त्याच्या शेजारी, १७६४ साली बांधलेल्या तोप्तानी घराण्याच्या वाड्यात लोकजीवनाचं संग्रहालय आहे, तिथे पाय थबकले. ऑलिव्हचा घाणा, लोहाराचा भाता, आणि लोकर थापायची जागा. हे काम अजून कुणी करतं का, असं मी सोबतच्या दुभाषी मुलीला विचारलं. ती तिरानात वस्त्रतंत्र शिकते. "खाली बाजारात उस्ता आहेत," ती म्हणाली.

उस्ता म्हणजे आपला उस्तादच. फारसीतून निघालेला शब्द तुर्कांबरोबर तिकडे गेला आणि दुसऱ्या वाटेनं आपल्याकडे आला. साबणालाही इथे सापुन म्हणतात. अशा दोनचार शब्दांच्या आधारावर मी त्या दुकानात शिरले आणि पुढचे दोन दिवस तिथेच बसले.

टोपीचं नाव चेलेशे. कोसोवोत तिला प्लिस म्हणतात. पांढरी, बिनकाठाची, बिनशिवणीची. उत्तरेकडे ती डोक्याला घट्ट बसते, दक्षिणेत जरा उंच होते आणि तिच्या माथ्यावर बारीकसं देठ येतं. आपल्याकडे गांधी टोपीकडे पाहून जसा माणूस कुठला, कुठल्या पिढीतला, याचा अंदाज येतो, तशी ही टोपी इथे बोलते. लग्नात, मयतीला, राष्ट्रीय सणाला ती डोक्यावर चढतेच.

ती विणलेली नसते. ना माग, ना धागा, ना सुई. घोंगडी करताना आपल्याकडे लोकर कातली जाते, मग सनगर ती विणतो, वर चिंचोक्याची खळ देतो. इथे सूत धरायचंच नाही. दुकानाच्या कोपऱ्यात माणसाच्या उंचीची लाकडी कमान टेकवून ठेवली होती, तिला ताणलेली तात. मी लहानपणी गावात पिंजारी पाहिला आहे. गादीचा कापूस पिंजताना त्याच्या धनुष्याचा तो टणत्कार सगळ्या आळीला ऐकू जायचा. तेच हत्यार! उस्तांनी माझ्यासाठी एकदा तात छेडून दाखवली. रोजचं पिंजण आता एक छोटं यंत्र करतं, आणि त्याबद्दल त्यांना काडीचाही खेद नाही. "तिथे माझा हात लागत नव्हता, फक्त पाठ मोडत होती," ते म्हणाले. हे वाक्य मी वहीत दोनदा अधोरेखित केलं आहे.

पिंजलेली लोकर ढगासारखी पसरायची. एक थर उभा, एक आडवा. मग गरम पाणी, साबण आणि तळहात. आधी नुसता स्पर्श, जोर अजिबात नाही. घाईनं दाबलं तर लोकर सरकते आणि घड्या पडतात. हळूहळू थर एकमेकांना धरू लागतात, तसा हाताचा भार वाढतो. मग मळणं, गुंडाळणं, उलटणं, पुन्हा पाणी. सूप असावं एवढ्या पसाऱ्यातून शेवटी डोक्याच्या मापाची टोपी उरते. ती लाकडी साच्यावर चढवून वाळवायची.

हे कसं घडतं, याचं उत्तर लोकरीच्या केसात आहे. सूक्ष्मदर्शकाखाली मेंढीचा केस कौलारू छपरासारखा दिसतो. त्याच्यावर खवल्यांची एकावर एक रचलेली कौलं असतात आणि सगळ्यांची तोंडं टोकाकडे. ऊब आणि ओल मिळाली की ती जरा उचलतात. अशा वेळी घासलं, की केस आपल्या मुळाच्या दिशेनं सरकतो. उलट जायला गेला तर कौलं अडतात. असे हजारो केस एकमेकांत घुसत जातात आणि एकही मागे येत नाही. चुकून गरम पाण्यात धुतलेला स्वेटर बाहुलीच्या मापाचा होतो, तो याचमुळे. घरात जे नुकसान म्हणून माहीत असतं, त्यावर या माणसांनी टोपी, विजार, अंगरखा असा सगळा पेहराव उभा केला.

आणि इथेच आधुनिक वस्त्रोद्योगाशी या कामाचा खरा सांधा निखळतो. यंत्रात धुतली तरी आटू नये म्हणून कारखान्यात लोकरीवर क्लोरिनची प्रक्रिया करतात. त्यानं कौलं झिजतात, वर राळेसारख्या पदार्थाचं पातळ अस्तर चढतं. स्वेटर आटत नाही, गिऱ्हाईक खूश. पण त्या लोकरीची चेलेशे होऊ शकत नाही. तिची पकडच गेलेली असते. शिवाय क्लोरिनचं दूषित पाणी उरतं, ते वेगळंच. दुभाषी मुलगी ही प्रक्रिया महाविद्यालयात 'सुधारणा' या शीर्षकाखाली शिकली होती. उस्तांना ती समजावून सांगताना ती मध्येच थांबली. आपण काय सांगतो आहोत, ते तिला त्या क्षणी नव्यानं ऐकू आलं असावं.

उद्योग या देशाला नवा नाही. साम्यवादी राजवटीत तिरानाच्या कडेला सोव्हिएत मदतीनं स्टालिनच्या नावाची प्रचंड कापडगिरणी उभी राहिली, बेरातमध्ये चिनी मदतीनं माओच्या नावाची. हस्तकलांच्या सहकारी संस्था झाल्या, क्रुयाचे गालिचे परदेशी जाऊ लागले. १९९१ नंतर हे सगळं कोसळलं. त्या पडझडीतून जे उभं राहिलं त्याला इथे 'फासोन' म्हणतात. कापड, चामडं, बटणं, नमुने सगळं बाहेरून, बहुतेक इटलीहून, येतं. इथे फक्त शिवलं जातं आणि माल परत जातो. मधली ओत्रांतोची सामुद्रधुनी ७२ किलोमीटरची. कपडे आणि पादत्राणं ही या देशाची वर्षानुवर्षांची मोठी निर्यात आहे, आणि त्यामागे प्रामुख्यानं बायकांचे हात आहेत. दुभाषी मुलीनं अशाच एका कारखान्यात उमेदवारी केली होती. तिच्या वाट्याला बुटाच्या वरच्या भागाची एकच शिवण आली. "मी पूर्ण बूट कधी पाहिलाच नाही," ती म्हणाली.

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी २०२५ मध्ये तिच्यासारखी दिसणारी पादत्राणं मिलानच्या एका फॅशन शोमध्ये कारागिरांचं नाव न घेता झळकली आणि आपल्याकडे केवढा गहजब झाला. आपली अडचण अशी, की वस्तू आपली आणि नाव दुसऱ्याचं. फासोनमध्ये तर वस्तूही आपली नसते. हात मात्र कुशलच लागतात. म्हणून या देशाच्या उद्योगाचं आधुनिकीकरण व्हायचं असेल तर ते आणखी शिलाई यंत्रं आणून होईल, असं मला वाटत नाही. आपल्या लोकरीपासून आपल्या नावाच्या वस्तूपर्यंतची सगळी साखळी पुन्हा जोडावी लागेल, आणि यंत्र कुठे हवं, कुठे नको, हे उस्तांसारख्या माणसांना विचारून ठरवावं लागेल. पिंजायला हवं. पाणी तापवायला हवं. कच्ची लोकर धुवायला तर हवंच, कारण तिच्यातली चरबी आणि घाण तशीच ओढ्यात सोडली तर ओढा मरतो. ती चरबी वेगळी काढली तर मलमात, साबणात कामी येते. पण थर जुळू लागले आहेत की नाही, हे ओळखायला तळहातच हवा.

आता अडचणी. त्या उस्तांनी मोजून दाखवल्या नाहीत, मलाच दिसत गेल्या.

बाजारातल्या फरसबंदी गल्लीत उस्तांच्या दुकानापासून दहा पावलांवर चेलेशेची चळत लावली होती. स्वस्त, एकसारखी, पांढरीफटक. हातात घेतली तर हलकी आणि कोरडी लागली. कृत्रिम तंतूला कौलं नसतात, तो पाण्या-साबणानं जुळत नाही. काटेरी सुयांनी भोसकून त्याची चादर करतात, मोटारीत अंथरायला करतात तशी. मग ती साच्यात दाबायची. ज्या पर्यटकाला विमान पकडायचं आहे, त्याला हा फरक कोण सांगणार? एक कोटी पाहुणे या धंद्याला तारतील, असं मला तिरानात दोघातिघांनी सांगितलं होतं. त्या चळतीसमोर उभी राहिले तेव्हा मला उलटं वाटलं. गर्दी वाढली की आधी नक्कल वाढते.

दुसरी अडचण पाण्याची. क्रुया हे नावच झऱ्यावरून पडलं आहे. या देशात तयार होणारी वीज बहुतांश जलविद्युत, तीही मुख्यतः द्रिन नदीवरच्या जुन्या मोठ्या धरणांतून. कोळशाचा धूर नाही, हे मोठंच भाग्य. पण त्या भाग्यानं मोह वाढवला. गेल्या काही दशकांत डोंगरातल्या लहान लहान ओढ्यांवरही वीजप्रकल्पांना परवाने मिळत गेले आणि वाहतं पाणी नळात शिरलं. उत्तरेतल्या वालबोना खोऱ्यात गावकरी त्याविरुद्ध न्यायालयात गेले. व्योसा नदीसाठी मोठी चळवळ झाली, २०२३ मध्ये ती नदी राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाली आणि धरणांपासून वाचली. याच ओढ्यांवर पूर्वी दर्स्तिला चालत. पाण्याच्या जोरावर लाकडी हातोडे मागावरून उतरलेलं लोकरी कापड तासन्‌तास कुटत, किंवा लाकडी पिंपात पडणारा झोत ब्लँकेटं घुसळत राही. ना इंधन, ना रसायन. पर्यावरणस्नेही उद्योग म्हणून आज ज्याची स्वप्नं रंगवली जातात, तो उद्योग त्या दऱ्यांत शतकानुशतकं होता. स्वच्छ विजेच्या नावाखाली त्याचंच पाणी वळवलं जावं, याचं मला मनापासून दुःख झालं.

दर्स्तिला गेली की शायाक जातो. शायाक म्हणजे मागावर विणून मग कुटून घट्ट केलेलं लोकरी कापड. त्याच्यापासून उत्तरेच्या डोंगरातल्या बायकांची जुब्लेता होते: घंटेसारखा, लाटालाटांचा, भरतकामानं जडवलेला घेर. एकेकाळी मुलगी वयात आली की ती रोज अंगावर चढायची, आणि नेसणारीचं घर कसं, मान कोणता, हे तिच्यावरून कळायचं. २०२२ मध्ये युनेस्कोनं जुब्लेताला तातडीनं जपण्याच्या वारशाच्या यादीत घातलं. ही यादी शाबासकीची नाही. ती दवाखान्यातल्या अतिदक्षता विभागाच्या दारावरची पाटी आहे. जुब्लेता करणाऱ्या बायका फार थोड्या उरल्या आहेत. यादीमुळे पैसा येईल, कार्यशाळा होतील, तरुण मुली भरतकाम शिकतीलही. पण शायाक कुटायला ओढा लागतो, आणि लोकर द्यायला डोंगरात मेंढ्यांमागे चालणारं माणूस लागतं. जाड लोकरीला भाव नाही, ही रड आपल्या दख्खनी मेंढीच्या धनगरांचीही आहे. कातरायची मजुरी लोकरीच्या किमतीतून सुटत नाही. इथल्या डोंगरातली पोरं तर केव्हाच इटलीला, ग्रीसला, जर्मनीला गेली.

आल्बेनियाच्या युरोपीय संघातल्या प्रवेशाची बोलणी २०२२ पासून सुरू आहेत. त्या दाराशी पोहोचेपर्यंत सांडपाणी, मजुरी, सुरक्षितता यांचे नियम काटेकोर होत जातील, आणि ते व्हायलाच हवेत. क्रुयाच्या पायथ्याशी सिमेंटचे कारखाने आहेत, चुनखडीसाठी डोंगराला पाडलेल्या खाणींच्या जखमा किल्ल्यावरून दिसतात. तिथे नियम कडक झाले तर मला आनंदच होईल. पण सिमेंटच्या भट्टीला आणि उस्तांच्या पाण्याच्या हंड्याला एकच अर्ज भरावा लागला, तर हंडा आधी विझेल.

उस्तांना मुलगा आहे, तो बाहेरदेशी असतो. त्याच्याबद्दल त्यांनी एवढंच सांगितलं आणि मीही पुढे विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निघण्याआधी उस्तांनी साच्यावर चढवायला तयार झालेल्या चार टोप्या ओळीनं मांडल्या. दुभाषी मुलीनं एक उचलली, दारापाशी गेली आणि उजेडाकडे धरली. बराच वेळ बघत राहिली. मग काही न बोलता तिनं ती टोपी उस्तांसमोर ठेवली आणि कडेजवळ एका जागी बोट टेकवलं. उस्तांनी चष्मा वर सरकवला, तिथून अंगठा फिरवला. "झालं आता. इतकी घट्ट झाल्यावर नवी लोकर धरत नाही," ते म्हणाले आणि ती टोपी त्यांनी बाजूला ठेवली. मग उरलेल्या तिन्ही टोप्या त्यांनी तिच्याकडे सरकवल्या.