क्वार्टरबॅकची पारख

फुटबॉल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पायाने खेळावयाचा खेळ येतो. अमेरिकेत या नावाने जो खेळ चालतो, त्यात चेंडू लांबट असतो आणि तो बहुधा हातांतच असतो. तो पुढे नेण्यासाठी एका बाजूचे अकरा जण समोरच्या अकरांशी अक्षरशः अंगाने भिडतात. या अकरांमध्ये एक आसामी अशी असते की, जवळजवळ प्रत्येक चाल तिच्या हातून सुरू होते. तिला क्वार्टरबॅक म्हणतात. मधला गडी दोन पायांतून चेंडू मागे देतो, क्वार्टरबॅक तो घेतो, आणि मग अवघ्या अडीच-तीन सेकंदांत त्याला ठरवावे लागते की, चेंडू कोणाकडे फेकावा, की स्वतःच घेऊन पळावे. तेवढ्या अवधीत समोरून अडीचशे-तीनशे पौंडांचे गडी त्याला जमिनीवर आपटण्यासाठी धावत येत असतात. संघाचे नशीब या एका माणसावर जेवढे टांगलेले असते, तेवढे दुसऱ्या कोणत्या सांघिक खेळात एका माणसावर असेल असे आम्हांस वाटत नाही.

हे गडी तयार होतात कॉलेजांत. तेथील सामन्यांना लाख-लाख प्रेक्षक जमतात. दरवर्षी वसंत ऋतूत व्यावसायिक लीगचे 32 संघ कॉलेजांतून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची पाळीपाळीने निवड करतात. या निवडीला ड्राफ्ट म्हणतात. गतवर्षी जो संघ सर्वांत तळाला असेल त्याची पाळी पहिली. म्हणजे ज्याचे घर मोडकळीस आले आहे, त्यालाच उत्तम खांब निवडण्याचा पहिला मान! कल्पना मोठी न्यायाची. पण खांब पारखावयाचा कसा?

1998 सालचे उदाहरण अमेरिकेत आजही सांगतात. टेनेसीचा पेटन मॅनिंग आणि वॉशिंग्टन स्टेटचा रायन लीफ यांपैकी पहिला कोण, यावर जाणत्यांत महिनोन् महिने वाद झाला. इंडियानापोलिसने मॅनिंगला घेतले, सान डिएगोने लीफला. मॅनिंग पुढे पाच वेळा लीगचा सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला. लीफच्या साऱ्या कारकिर्दीत त्याच्या फेकींवर 14 टचडाऊन झाले, आणि 36 वेळा त्याचा चेंडू प्रतिपक्षाने मध्येच झेलला. गंमत अशी की, मॅनिंगचे पहिले वर्षही काही भूषणावह नव्हते. त्या एका हंगामात त्याचे 28 चेंडू शत्रूच्या हाती गेले आणि संघ 16 पैकी 13 सामने हरला. पहिल्याच वर्षी निकाल लावणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

मोजता येईल ते सर्व मोजून पाहण्याची अमेरिकन माणसाला हौस. इंडियानापोलिस शहरी हिवाळा सरता सरता शेकडो खेळाडूंना बोलावून त्यांची उंची, वजन, उडी आणि 40 यार्ड धावण्याचा वेळ घेतात. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत पंजा किती पसरतो, तेही मोजतात! बारा मिनिटांत पन्नास प्रश्नांची एक बुद्धिचाचणीही कित्येक वर्षे घेतली जाई. 2022 साली ती बंद झाली. यातले काही उपयोगाचे आहे. पंजा फारच लहान असला तर पावसात चेंडू निसटण्याचे भय असते. पण 2000 साली मिशिगनचा एक सडपातळ तरुण 40 यार्ड 5.28 सेकंदांत धावला, म्हणजे रखडतच धावला. त्याच्या आधी सहा क्वार्टरबॅक निवडले गेले आणि तो 199 वा निवडला गेला. तो टॉम ब्रेडी. त्याने सात वेळा अजिंक्यपद मिळविले. त्याच्या छातीचे, पायांचे माप घेतले गेले. गर्दीत उभे राहून न गडबडता पाहण्याच्या त्याच्या शक्तीचे माप घेणारी पट्टी तेथे कोणापाशी नव्हती.

मग कॉलेजातील आकडे पाहावेत काय? पाहावेत, पण आकडा हा एकट्याचा कधीच नसतो. जो बरो याचेच घ्या. लुइझियाना स्टेटकडून 2018 साली त्याच्या फेकींवर 16 टचडाऊन झाले, आणि 2019 साली 60! माणूस तोच. परंतु आक्रमणाची पद्धत बदलली होती आणि चेंडू झेलणारे जस्टिन जेफरसन व जामार चेस अंगात आले होते. हे दोघेही पुढे व्यावसायिक खेळात नामवंत झाले. बरो खराच निघाला ही गोष्ट वेगळी. पण अशा साथीदारांच्या बळावर फुगलेले आकडे घेऊन आलेले कित्येक पुढे दिसेनासे झाले.

त्यातून दोन्हींकडची मैदानेही एकसारखी नाहीत. मैदानावर लांबीच्या दिशेने तुटक खुणांच्या दोन रांगा असतात व प्रत्येक चाल त्या रांगांच्या दरम्यान सुरू होते. कॉलेजात या रांगांत 40 फुटांचे अंतर असते, व्यावसायिक मैदानावर साडेअठराच फुटांचे. त्यामुळे कॉलेजात चेंडू एका कडेला लागला की दुसऱ्या बाजूस मोकळे रान पडते, आणि झेलणारा तेथे एकटा सापडतो. व्यावसायिक खेळात असे रान नाही. तेथे झेलणारा मोकळा झाल्यावर चेंडू फेकाल तर उशीर झालेला असतो. तो अजून वळलेला नाही, त्याच्या पाठीशी शत्रू चिकटलेला आहे, अशा वेळी जेथे तो पोहोचणार त्या रिकाम्या जागेत चेंडू सोडावा लागतो.

म्हणून खरा पारखी चित्रफीत घेऊन बसतो आणि सुंदर फेकी सोडून अडचणीच्या चाली पाहतो. पहिला झेलणारा अडविला गेला, तर याची नजर दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे क्रमाने जाते, की हा लगेच पळत सुटतो? गडी अंगावर येत असता डोळे पुढेच राहतात, की येणाऱ्या गड्याकडे वळतात? चेंडू झेलणाऱ्याच्या छातीवर येतो, की त्याला मागे वळून वेचावा लागतो? कडेला उभ्या प्रशिक्षकाच्या खुणा पाहून खेळणारा आणि स्वतः प्रतिपक्षाची मांडणी वाचून चाल बदलणारा, यांतला फरकही तेथेच उमगतो. व्यावसायिक खेळात शिरस्त्राणातील रेडिओवरून प्रशिक्षक बोलतो खरा, पण चाल सुरू करण्याची मुदत 15 सेकंद उरली की तो आवाज तोडला जातो. पुढे ज्याचे त्याने पाहावे.

अचूकपणा उपजत असतो, शिकविता येत नाही, असे जुने पारखी म्हणत. वायोमिंगचा जॉश ॲलन याने त्यांना खोटे पाडले. कॉलेजात शंभरातील जेमतेम 56 फेकी त्याच्या साथीदारांना मिळत. 2020 साली बफेलोकडून 69 मिळाल्या, आणि 2024 च्या हंगामाचा तो सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला. अर्थात् एका ॲलनच्या भरवशावर दहा अचूक नसलेल्यांना घेणारा संघ बुडेल, हे आमचे मत कायम आहे.

पारख्याची नजर स्वच्छ नसते, ही याहून गंभीर गोष्ट. काळ्या तरुणाला या जागेला लागणारी बुद्धी नसते, असा समज अमेरिकेत अनेक दशके होता, आणि कॉलेजात क्वार्टरबॅक म्हणून गाजलेल्यांना सर्रास दुसऱ्या जागी खेळविले जाई. वॉरन मून याला 1978 साली कोणीच निवडले नाही. तो कॅनडात गेला, एडमंटनसाठी पाच अजिंक्यपदे जिंकली, आणि मग अमेरिकेत परतून इतका थोर ठरला की 2006 साली त्याला खेळाच्या कीर्तिमंदिरात स्थान मिळाले. हे फार जुने म्हणून सोडून देऊ नये. 2018 साली लामार जॅक्सनला झेलणाऱ्याच्या जागी खेळवा असे सुचविणारे होतेच. तो 32 वा निवडला गेला आणि 2019 व 2023 या दोन्ही हंगामांत सर्वश्रेष्ठ ठरला. पट्टीने मोजताना झालेली चूक निदान सर्वांच्या बाबतीत सारखी होते, ही तशी होत नाही.

उरला प्रश्न तो कोणत्या घरी पडतो याचा. पॅट्रिक माहोम्स 2017 साली दहावा निवडला गेला आणि कॅन्सस सिटीत अनुभवी ॲलेक्स स्मिथच्या मागे जवळजवळ वर्षभर बसून शिकला. ज्यांना पहिल्याच रविवारी मोडक्या संघापुढे उभे केले जाते, त्यांना ही सवड नसते. पण घर एकच असले तरी पारख सुटतेच असे नाही. सान फ्रान्सिस्कोने 2021 साली ट्रे लान्स याला तिसऱ्या क्रमांकावर घेण्यासाठी आपल्या पुढच्या दोन वर्षांच्या पहिल्या पाळ्याही देऊन टाकल्या. त्याच संघाने 2022 साली 262 वा, म्हणजे अगदी शेवटचा, म्हणून ब्रॉक पर्डीला घेतले. त्या हंगामात लान्सचा घोटा मोडला, दुसऱ्याचे पाऊल मोडले, आणि तिसरा म्हणून पर्डी मैदानात आला. प्रशिक्षक तोच, चाली त्याच, झेलणारेही तेच. 2023 च्या ऑगस्टमध्ये लान्सला चौथ्या फेरीतील एका पाळीच्या बदल्यात डॅलसला देऊन टाकण्यात आले. आणि त्या हंगामाअखेर पर्डीने संघाला अंतिम सामन्यापर्यंत नेले.