डिस्क बंद पडली तरी माहिती सुरक्षित कशी राहते?

झाशी जिल्ह्यातील समथरसारख्या लहान गावात एखाद्या कार्यालयाच्या सर्व्हरची डिस्क अचानक निकामी झाली, तर नवी डिस्क येईपर्यंत सारे कामकाज ठप्प होऊ शकते. हा धोका कमी करण्यासाठी अनेक डिस्क जोडून त्यांचा एकच संच तयार करण्यात येतो. ‘रेड’ या नावाने ओळखली जाणारी ही संकल्पना अमेरिकेतील बर्कले विद्यापीठाचे डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ मध्ये एका शोधनिबंधात मांडली. लिनक्समध्ये असा संच वेगळ्या कार्डाविना, केवळ सॉफ्टवेअरच्या साहाय्याने उभारता येतो. त्यासाठी ‘एमडीएडीएम’ ही विनामूल्य आज्ञावली वापरली जाते.

रेड-१ मध्ये दोन डिस्कवर एकच माहिती लिहिली जाते. रेड-५ साठी किमान तीन डिस्क लागतात आणि त्यांपैकी एक निकामी झाली तरी माहिती शाबूत राहते. रेड-६ साठी किमान चार डिस्क आवश्यक असून, दोन डिस्क गेल्या तरी हा संच तग धरतो.

संचाची खरी कसोटी लागते ती नवी डिस्क बसविल्यानंतर. सेकंदाला १५० एमबी वेग गृहीत धरला, तरी ४ टीबीची डिस्क पुन्हा भरण्यास सुमारे साडेसात तास लागतात. या काळात उरलेल्या सर्व डिस्क आरंभापासून अखेरपर्यंत वाचल्या जातात. रेड-५ मध्ये त्यांपैकी एखादीवर खराब भाग दडलेला असेल, तर तेथील माहिती परत मिळत नाही. त्यामुळे महिन्यातून एकदा संपूर्ण संचाची तपासणी करणे हिताचे ठरते. असे दोष वेळीच आढळले, तर इतर डिस्कच्या आधारे ते दुरुस्त होतात.

पुनर्बांधणीचा किमान वेग मुळात सेकंदाला केवळ १,००० केबी असतो. तो वाढविल्यास काम लवकर आटोपते, मात्र वापरकर्त्यांना सर्व्हर मंद भासतो. म्हणून रात्री वेग वाढवून सकाळी पूर्ववत करणे सोयीचे. जेथे वीज वारंवार खंडित होते, तेथे संचाचा ‘बिटमॅप’ सुरू ठेवावा. त्यामुळे वीज परतल्यावर संपूर्ण संच न जुळविता केवळ अपूर्ण राहिलेला भाग जुळविला जातो. डिस्क निकामी होताच ई-मेलने सूचना मिळण्याची व्यवस्था करावी आणि ती एकदा तपासूनही पाहावी.

तथापि, असा संच म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल सर्व डिस्कवरून एकाच वेळी नाहीशी होते. म्हणूनच महत्त्वाच्या माहितीची एक प्रत अन्यत्र ठेवणे अनिवार्य आहे.