खर्ज सगळ्यांच्या वाट्याला यावा

पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या वरवंडसारख्या गावात आज घर बांधायचं म्हणजे विटा, सिमेंट, वर स्लॅब आणि खाली फरशी. अशा घराच्या हॉलमध्ये सबवूफर लावला की एक तक्रार हमखास येते: सोफ्याच्या या टोकाला डग्गा नुसता घुमतो, त्या टोकाला त्याच्यात जीवच नसतो. मग आणखी मोठा सबवूफर घ्यायचा बेत ठरतो. पण बहुतेक वेळा दोष यंत्राचा नसून खोलीचा असतो आणि मोठं यंत्र तोच दोष मोठ्यानं ऐकवतं. खरा उपाय आहे एकाऐवजी दोन किंवा चार लहान सबवूफर.

हॉल 5 मीटर लांब आणि साडेतीन मीटर रुंद आहे असं धरू. आवाज सेकंदाला सुमारे 345 मीटर जातो. समोरासमोरच्या भिंतींवरून परतणाऱ्या लाटा एकमेकींत मिसळतात आणि काही ठरावीक स्वरांना हवेतला दाब जागच्या जागी झुलत राहतो. आपल्या हॉलमध्ये लांबीमुळे हे 34.5 आणि 69 हर्ट्झला घडतं, रुंदीमुळे 49 ला. गायकाची पट्टी काळी एक असेल, तर तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेचा मूळ स्वर 69 हर्ट्झच्याच आसपास असतो. तो भिंतीलगत फुगतो आणि भिंतीपासून सव्वा मीटरवर जवळपास नाहीसा होतो. लाकडी चौकटीच्या पातळ भिंती बेस थोडाफार गिळतात, विटांच्या भिंती तो जवळपास सगळा परत फेकतात.

34.5 हर्ट्झला हा हॉल सी-सॉसारखा वागतो: एका भिंतीशी दाब वाढला की समोरच्या भिंतीशी उतरतो. दोन्ही टोकांना एकाच वेळी सारखाच भार दिला, तर फळी हलणार नाही. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवलेले दोन सबवूफर हेच करतात. शिवाय रुंदीच्या सी-सॉच्या ते बरोबर टेकूवर बसतात, त्यामुळे 49 चा झोकाही उठत नाही. उरतो 69 चा खर्ज. उरलेल्या दोन भिंतींच्या मध्यावर आणखी दोन ठेवले की तोही आवरतो. हार्मन कंपनीतले संशोधक टॉड वेल्टी यांनी 2002 मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीपुढे मांडलेला निष्कर्षही असाच होता: चौकोनी खोलीत चार भिंतींच्या मध्यावर चार उत्तम, दोन त्याच्या खालोखाल आणि चारापुढे फारसा फायदा नाही.

इक्वलायझरनं हे होणार नाही का? फुगलेला स्वर त्यानं दाबता येतो. पण बुडालेल्या जागी कितीही ताकद ओतली तरी ती तिथेच विरते आणि एका खुर्चीला केलेली दुरुस्ती शेजारच्या खुर्चीला बाधते. पडदे आणि सतरंज्या 5 मीटरच्या लाटेपुढे निरुपयोगी. शेजाऱ्यांना त्रास होईल ही शंका डीजेच्या भिंतीवरून येते. इथे हेतू दणदणाटाचा नसून समतोलाचा आहे. हे झोके आवरताना एकूण जोर थोडा घटतो हे खरं, पण घरगुती हॉलला तेवढा पुरून उरतो. खर्चाचं म्हणाल, तर एका अजस्र यंत्राच्या पैशात अनेकदा दोन लहान बसतात. एकटाच ऐकणारा असेल आणि खुर्चीही ठरलेली असेल, तर मात्र नीट जागी ठेवलेला एकच पुरे.

म्हणून दुकानात जाण्याआधी टेप घेऊन हॉल मोजा. 345 ला लांबीच्या दुपटीनं भागा. बेस बिघडवणारा पहिला स्वर तिथेच सापडेल.